नाऱ्याला बोलू द्या

'शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. लग्नघर पाहुण्यांनी भरले आहे, सनई चालू आहे, भटजींची घाई चालली आहे, आणि हा शहाणा नेमके नको ते बोलतो. आम्ही मुले नाऱ्याला पोट धरधरून हसत असू. मांडवाला खरोखरच आग लागली होती की काय, हे मात्र आम्हांला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही.

पुढे माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे कृत्रिम उपग्रहांच्या जुळणीत गेली, आणि तिथे हा प्रश्न मला प्रथम पडला. आता निवृत्तीनंतर लोक विचारतात, "उपग्रह सोडायच्या आधीचे दिवस कसे असतात हो?" मी सांगतो, लग्नघरासारखे. तारीख ठरलेली असते. भिंतीवर याद्या लागलेल्या असतात. रोज सकाळी एक वस्तू आलेली नसते आणि रोज संध्याकाळी एक माणूस रुसलेला असतो. सगळे थकलेले असतात आणि सगळे एकमेकांना 'सगळं ठीक आहे' असे सांगत असतात. फरक एवढाच, की लग्नात मीठ कमी पडले तर शेजारून आणता येते. उपग्रह एकदा आठशे-नऊशे किलोमीटर उंचीवर गेला, की तिथे कोणी मिस्त्री जाऊ शकत नाही.

मी ज्या उपग्रहाबद्दल सांगणार आहे तो पृथ्वीकडे पाहणारा होता. त्याचे आणि आमच्या संस्थेचे नाव मुद्दामच देत नाही. चूक कोणाची हे सांगण्यासाठी हा लेख नाही, आणि सांगायचेच झाले तर त्यातली मोठी चूक माझीच होती. १९९०च्या दशकातली ही गोष्ट. असे उपग्रह उत्तर-दक्षिण दिशेने, ध्रुवांवरून फेऱ्या घालतात. त्यांची कक्षा अशी बेतलेली असते, की कोणत्याही गावावरून जाताना तिथे घड्याळात साधारण तीच वेळ असते. त्यामुळे सावल्या सारख्या पडतात आणि जूनचे चित्र ऑक्टोबरच्या चित्राशेजारी ठेवून पाहता येते. पीक किती उभे आहे, तलाव किती आटला, जंगल कुठे तुटले, हे त्यातून कळते. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून आपला आयआरएस-१ए हा उपग्रह वर गेला, तेव्हापासून आपल्या देशाला स्वतःच्या जमिनीची अशी चित्रे नियमितपणे मिळू लागली.

माझी आई तेव्हा माण तालुक्यात, आमच्या गावी असे. तिने एकदा विचारले होते, "तुझ्या त्या उपग्रहाला आपल्या विहिरीचं पाणी दिसंल का रं?" मी म्हणालो, "पाणी नाही दिसत, आई. पण खडकातल्या भेगा दिसतात, हिरवळीचे पट्टे दिसतात. पाणी कुठे लागण्याजोगं आहे, त्याच्या खुणा दिसतात." ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मग लौकर सोडा की." आमच्या वरिष्ठांचेही म्हणणे हेच होते, फक्त ते टाइप करून, सहीशिक्क्यासह येत असे.

मी शास्त्रज्ञ नव्हे, मी वेळापत्रकवाला. कोणती पेटी केव्हा बसवायची, कोणती चाचणी कोणत्या चाचणीनंतर, कोणाची पाळी, कोणाची रजा, हे सांभाळणे माझे काम. शेवटच्या महिन्यांत उपग्रहाचे जे हाल केले जातात ते पाहून नवख्या माणसाला वाईट वाटते. अग्निबाणाच्या प्रवासात बसतील तसे हादरे देणाऱ्या मेजावर त्याला बांधून थडथडवतात. मग एका प्रचंड पोलादी टाकीत ठेवून टाकीतली हवा काढून घेतात, आणि दिवसच्या दिवस त्याला आळीपाळीने तापवतात आणि गारठवतात. हे सारे कशासाठी, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. ७ जून १९७९ रोजी भास्कर-१ हा आपला पहिला पृथ्वीनिरीक्षक उपग्रह रशियातून सोडण्यात आला. त्याच्या कॅमेऱ्याच्या उच्च दाबाच्या विद्युत भागात हवा अडकून राहिली असावी आणि ठिणग्या उडतील, या भीतीने जवळजवळ वर्षभर कॅमेरा सुरूच करता आला नाही. तो १९८० मध्ये चालू झाला. एवढीशी अडकलेली हवा, आणि आभाळात डोळे मिटून फिरणारा उपग्रह!

आता ती रात्र. उपग्रह पाठवणीला तीन महिने उरले होते. दुसऱ्या दिवशी त्याला हादऱ्यांच्या मेजावर न्यायचे होते. त्या दिवशी आतल्या एका पेटीचे स्क्रू बदलून बाजूचे पॅनेल, म्हणजे उपग्रहाचे दारच म्हणा ना, बंद करण्यात आले होते. रात्री साडेनऊला मी स्कूटर काढत असताना आमचा एक तरुण तंत्रज्ञ जवळ आला. बेळगावकडचा मुलगा, नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते.

"सर, एक बोलायचं होतं. पण उद्या बोललं तरी चालेल."

"काय झालं?"

"भांडारातनं बत्तीस वॉशर घेतले होते. तीस लागले. परत करताना एकच आहे, सर."

"नीट मोजलंस का?"

"तीनदा मोजलं."

तो वॉशर शर्टाच्या बटणापेक्षा लहान. पण जमिनीवर खाली पडून राहणारी वस्तू अवकाशात पडत नाही. ती आतल्या आत तरंगत राहते. धातूचा तुकडा तरंगत जाऊन विजेच्या दोन उघड्या टोकांमध्ये बसला, तर सारा खेळ तिथेच आटोपतो. हे मला माहीत होते. तरीही खरे सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या मुलाविषयीच्या रागाचा. याला मोजायला कोणी सांगितले होते? दुसरा विचार आला, 'उद्या बघू.' पण उद्या उपग्रह मेजावर थडथडणार होता. सैल वॉशर आत असलाच, तर त्यानंतर तो कुठल्या सांदीत जाऊन बसेल हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. म्हणजे उद्या याचा अर्थ कधीच नाही.

मी स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली. आत जाऊन दोन गोष्टी केल्या. सकाळचे काम थांबवले, आणि इमारतीतला कचरा बाहेर जाऊ द्यायचा नाही असा निरोप पहारेकऱ्याला दिला.

उपग्रहाचे दार उघडणे म्हणजे कपाट उघडणे नव्हे. वरची सोनेरी गोधडी उसवायची, तारांचे जोड सोडवायचे. प्रत्येक जोड किती वेळा जोडला आणि सोडला याचीही नोंद असते, कारण तोही झिजतो. मग विजेरी, आरसे, आणि डॉक्टर पोटात घालून बघतात तसली बारीक दुर्बीण घेऊन आम्ही सहा दिवस शोधत होतो. वॉशर सापडला नाही. सातव्या दिवशी सापडला तो कचऱ्यात. स्वच्छ कक्षाच्या दाराशी चिकट पापुद्र्यांची एक चटई असते. बुटांची धूळ तिला चिकटते आणि मळलेला पापुद्रा सोलून फेकून देतात. त्या रात्रीच्या अशाच एका चुरगळलेल्या पापुद्र्यात आमचे ते रत्न चिकटलेले होते. कोणाच्या तरी तळव्याखाली येऊन ते दारापर्यंत चालत गेले होते! दार पुन्हा बंद करण्यात आणखी दोन दिवस गेले. एकूण नऊ दिवस.

नऊ दिवसांचे उत्तर वर कोणाला तरी द्यावे लागते, आणि वरून खाली येताना त्या उत्तराचे टोमणे होतात. त्या मुलाला सगळे 'वॉशर' म्हणू लागले. "काय वॉशर, आज काय हरवलं?" दुपारी कँटीनमध्ये तो कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा बसून डबा खाऊ लागला. मी हे पाहत होतो आणि गप्प होतो. आतून मलाही तो थोडा नकोसाच झाला होता.

घरी मी चिडचिड करत असे. एक दिवस बायकोने शांतपणे विचारले, "अहो, तो मुलगा बोलला नसता आणि वॉशर आतच असता, तर तुम्हांला कधी कळलं असतं?"

"कधीच नाही," मी म्हणालो. आणि म्हणताक्षणी थबकलो. उपग्रह वर जाऊन बंद पडला असता, चौकशी समिती बसली असती, तिने दहा शक्यता लिहिल्या असत्या. पण वॉशरचे नाव कोणाच्याही तोंडी आले नसते. त्या मुलाने तोंड मिटून ठेवले असते, तर ते आयुष्यभर मिटलेलेच राहिले असते. त्याला धोका होता तो फक्त बोलण्यात.

दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नऊ दिवस ह्याने घालवले नाहीत, मी घालवले. वॉशर आत नाही, ही माहिती आपल्याजवळ नव्हती. ती आपण नऊ दिवस देऊन विकत घेतली. मला ती महाग वाटत नाही." दुपारी डबा घेऊन मी त्या कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसलो. बोलायला काही सुचेना, म्हणून त्याच्या डब्यातले लोणचे मागितले.

त्याच आठवड्यात मी शंभर पानी वही आणली, तिला सुतळी बांधली आणि बूट बदलण्याच्या खोलीत खिळ्याला अडकवली. साध्या कागदाचे तंतू झडतात म्हणून स्वच्छ कक्षात ती नेता येत नाही. वर लिहिले, 'शंकावही'. कोणीही लिहावे, नाव घालण्याची सक्ती नाही, प्रत्येक शंकेला दुसऱ्या दिवशी लेखी उत्तर. पहिल्या पानांवर काय आले म्हणता? 'कँटीनचे दही आंबट.' 'पंख्याचा आवाज.' 'वेळापत्रक करणाऱ्यांना झोप लागते का?' मी प्रत्येकाला उत्तर लिहीत गेलो. झोप लागत नाही, असेही लिहिले.

बाराव्या पानावर, नाव न घालता, दोन ओळी होत्या. 'चुंबकी वेटोळ्यांची दिशाचाचणी पॅनेल उघडण्याच्या आधीची आहे. पॅनेल बंद केल्यावर ती पुन्हा झालेली नाही.'

वाचून मला घाम फुटला, कारण ती चाचणी वेळापत्रकातून मीच कापली होती. वॉशरपायी गेलेले नऊ दिवस कुठून तरी भरून काढायचे होते. 'आधी एकदा झालेली आहे' असा शेरा मारून मी ती गाळली होती, आणि खाली सही केली होती.

ही वेटोळी म्हणजे काय, ते सांगतो. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे. उपग्रहातल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की तेही चुंबक बनते, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेऊन उपग्रहाला हळूहळू वळवता येते. अशी वेटोळी तीन दिशांना बसवलेली असतात. त्यांचे जोड उलटसुलट झाले, तर हुकूम एका दिशेचा आणि वळण दुसऱ्याच दिशेला. संगणकाला वाटते, अजून पुरेसे वळलेले नाही. तो आणखी जोर लावतो, आणि बिघाड वाढत जातो. सायकलचे हँडल डावीकडे वळवले आणि चाक उजवीकडे गेले, तर जे होईल तेच.

याची चाचणी मोठी गमतीची असते. कोट्यवधी रुपयांच्या उपग्रहाशेजारी माणूस साधे होकायंत्र धरून उभा राहतो. पहिल्या वेटोळ्याला वीज दिली. सुई हलली, पण हलायला हवी होती तशी नाही. दुसऱ्याला दिली. पुन्हा तेच. शेजारी शेजारी असलेले, दिसायला अगदी एकसारखे दोन जोड एकमेकांच्या जागी बसले होते. वॉशर शोधताना सोडवले होते तेच हे जोड.

म्हणजे गोष्ट अशी झाली. जो वॉशर आत नव्हताच, त्याला शोधण्यासाठी आम्ही दार उघडले आणि उघडताना नवी चूक आत ठेवून दार लावले. वर गेल्यावर आदेश बदलून कदाचित सावरता आले असते, कदाचित नसते. १८ मे १९९९ रोजी सोडलेला अमेरिकेचा टेरियर्स हा छोटा संशोधन उपग्रह असाच गेला. त्यातल्या एका चुंबकी वेटोळ्याची दिशा उलटी झाली होती. सौर पॅनेल सूर्याकडे वळेना, बॅटरी संपली, आणि खेळ खलास. ती बातमी वाचली त्या दिवशी मी बायकोला बाराव्या पानाची आठवण करून दिली.

ते पान कोणी लिहिले, हे मी विचारले नाही. अक्षर ओळखीचे होते. चाचणी विभागातले एक वडीलधारे गृहस्थ. माझ्या कापलेल्या वेळापत्रकाखाली माझ्यानंतरची सही त्यांचीच होती. तीन आठवडे ते गप्प बसले होते. त्या पोराला कँटीनमध्ये पुन्हा माणसांत बसलेले पाहिले नसते, तर ते बोलले असते का, असा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे.

याच धंद्यातली दुसरी एक गोष्ट पुढे चौकशी अहवालात वाचली, आणि त्या रात्रीचा स्कूटर स्टँड माझ्या डोळ्यांसमोर आला. ६ सप्टेंबर २००३, शनिवार. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे हवामानाचा नोआ-एन प्राइम हा उपग्रह एका गाड्यावर आडवा करत होते. ज्या तबकडीवर तो बसवला होता, तिला गाड्याशी जखडणारे २४ बोल्ट दुसऱ्या कामासाठी कोणीतरी काढून नेले होते आणि त्याची नोंद केली नव्हती. बोल्ट जागेवर आहेत की नाहीत हे डोळ्यांनी न पाहता, आधीच्या कागदांच्या भरवशावर काम पुढे चालू राहिले. उपग्रह कलता कलता निसटला आणि मीटरभर उंचीवरून जमिनीवर आदळला. दुरुस्तीला सुमारे साडेतेरा कोटी डॉलर लागले. अखेर ६ फेब्रुवारी २००९ रोजी तो वर गेला आणि नोआ-१९ या नावाने त्याने २०२५ पर्यंत सेवा दिली. पण अहवालातले एक वाक्य मला विसरता येत नाही. तिथल्या तंत्रज्ञांच्या प्रमुखाने काम चालू असताना बोलून दाखवले होते, की बोल्टची भोके रिकामी दिसताहेत. ते बोलणे बाकीच्यांनी बाजूला सारले.

म्हणजे तिथेही नाऱ्या होता, तो बोललाही होता, आणि मांडव खरोखरच कोसळला. नुसता बोलणारा असून भागत नाही, ऐकणारा लागतो.

आता वाचक म्हणतील, मग प्रत्येक शंकेला थांबायचे, तर उपग्रह उडणार केव्हा? रास्त प्रश्न आहे. शंकावहीत अशीही एक नोंद होती, की टाकीतल्या गारठ्यात एका तापमापकाचा आकडा चार सेकंद उडाला आणि पुन्हा कधी उडाला नाही. तो तापमापक अगदी आत, चार पेट्यांच्या मागे होता. तिथवर पोहोचायचे तर अर्धा उपग्रह सोडवावा लागला असता, आणि सोडवण्याने काय होते ते आम्ही नुकतेच पाहिले होते. त्याच्या जोडीला दुसरा तापमापक होता. दोन दिवस खल केला आणि मी लिहिले, 'उघडायचे नाही. कारणे खालीलप्रमाणे.' नोंद करणाऱ्याला बोलावून ती कारणे वाचून दाखवली. तो म्हणाला, "पटलं नाही, पण समजलं." मला तेवढे पुरे होते. ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. ज्याने सांगितले त्याला आपले म्हणणे कुठवर पोहोचले आणि त्याचे पुढे काय झाले, हे कळले पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी तो सांगायला येत नाही.

आणि इतके करूनही हाती काय लागेल, याचा भरवसा नसतोच. २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्ही या आपल्या अग्निबाणाचे पहिले उड्डाण अयशस्वी झाले, आणि त्यावरचा आयआरएस-१ई हा उपग्रह समुद्रात गेला. त्या उपग्रहासाठी राबलेल्या माणसांचे काय झाले असेल, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पुढच्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९९४ रोजी, त्याच अग्निबाणाच्या दुसऱ्या उड्डाणाने आयआरएस-पी२ कक्षेत नेऊन ठेवला. वाऱ्यावर आणि अग्निबाणावर आपला हुकूम चालत नाही. आपल्या खोलीत कोण बोलू शकते आणि कोण नाही, यावर मात्र चालतो.

आमचा उपग्रह रात्रीच्या वेळी, माणसाच्या पळण्याच्या वेगाने चाललेल्या ट्रकमधून श्रीहरिकोट्याला गेला. यथावकाश वर गेला आणि नीट वळला, ज्या बाजूला सांगितले त्याच बाजूला. तो तापमापक पुन्हा एकदाही चुकला नाही. का चुकला होता, हे मला आजतागायत कळलेले नाही. पहिल्या काही चित्रांपैकी एकात माणदेशाचा उन्हाळ्यातला करडा पट्टा होता. मी त्याची प्रत आईला नेऊन दिली. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "आपली विहीर कुठाय यात?" मी अंदाजाने बोट ठेवले. तिने तो कागद देवघरात ठेवला.

निवृत्तीनंतर मी हे सारे वर्तमानपत्रातून पाहतो. नासा आणि इस्रो यांचा 'निसार' उपग्रह २०२४ मध्ये जायचा होता. त्याचा १२ मीटर व्यासाचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या जाळीचा परावर्तक छत्रीसारखा मिटवून नेतात. तो मिटलेल्या स्थितीत अपेक्षेपेक्षा जास्त तापेल, असे चाचण्या आणि आकडेमोडीतून दिसले. उपग्रह बंगळूरला जवळजवळ तयार उभा होता, साऱ्या जगाचे लक्ष होते, तारखा जाहीर झाल्या होत्या. तरीही तो परावर्तक परत कॅलिफोर्नियाला पाठवला, त्याला उष्णता परतवणारा लेप दिला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो पुन्हा बंगळूरला आणला. ३० जुलै २०२५च्या संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून निसार निघाला, आणि ऑगस्टमध्ये ती छत्री नीट उघडली. टीव्हीवर सगळे टाळ्या वाजवत होते. माझ्या मनात मात्र दुसरीच खोली होती. त्या खोलीत कोणीतरी पहिल्यांदा म्हणाले असेल, 'मला वाटतं, हे जास्त तापेल.' आणि दुसरे कोणीतरी, दिनदर्शिकेकडे न बघता, 'बसा, सांगा' असे म्हणाले असेल.

गेल्या वर्षी पुतणीचे लग्न झाले. कार्यालय भरलेले, मुहूर्ताला पाच मिनिटे. मांडववाल्याचा दहा-बारा वर्षांचा पोऱ्या माझ्या खुर्चीपाशी येऊन हळूच म्हणाला, "काका, स्टेजमागची वायर लई गरम लागतीय." शेजारचे एक नातेवाईक त्याच्यावर वसकन ओरडले, "अरे, ही काय वेळ आहे का असलं बोलायची!"

मी उठलो आणि त्याच्याबरोबर स्टेजमागे गेलो. वायरला हात लावून पाहिला. आम्ही निम्मे दिवे बंद केले. आग लागलेली नव्हती. कदाचित लागलीही नसती. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, फोटोवाल्याने उजेड कमी पडल्याची तक्रार केली.

पंगत बसली तेव्हा त्या पोराला मी माझ्या शेजारी बसवले आणि त्याचे नाव विचारले.